सदरचा हिशेब आणि रामलीला मैदानाचा रविवार

दिल्लीचा सदर बाजार ही घाऊक मालाची पेठ. इथल्या अरुंद गल्ल्यांतून भांडी, खेळणी, पिशव्या यांचे गठ्ठे उत्तरेतल्या गावोगावी जातात आणि प्रत्येक गठ्ठ्यामागे व्यापाऱ्याच्या वहीत एक ओळ पडते. आपल्या देशातल्या निवडणूक-खर्चाचा सर्वांत महत्त्वाचा खटला याच पेठेच्या नावाच्या ‘दिल्ली सदर’ मतदारसंघातून उभा राहिला, हे मला फार साजेसे वाटते. प्रश्न साधा होता. उमेदवाराने स्वतःच्या वहीत मांडलेला खर्च धरायचा, की त्याच्यासाठी पक्षाने केलेलाही?

मार्च १९७१ ची लोकसभा निवडणूक. चारच वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, दिल्लीच्या सातपैकी सहा जागा जनसंघाने जिंकल्या होत्या. ‘गरिबी हटाव’च्या लाटेत त्या साऱ्या वाहून गेल्या आणि सातही जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे आल्या. सदरमध्ये जनसंघाचे कंवरलाल गुप्ता हरले, काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. गुप्तांनी निवडणूक याचिका दाखल केली. दिल्लीतल्या लोकसभा उमेदवाराला तेव्हा दहा हजार रुपयांची खर्चमर्यादा होती. चावलांच्या सभा, कार्यालये, प्रचार या सगळ्याचा हिशेब धरला तर ती केव्हाच ओलांडली गेली, असे गुप्तांचे म्हणणे. उच्च न्यायालयात ते टिकले नाही. गुप्ता सर्वोच्च न्यायालयात गेले.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेला निकाल आला आणि दिल्लीतल्या राजकीय बंगल्यांत खळबळ उडाली. आपल्यासाठी पक्ष खर्च करतो आहे हे उमेदवाराला ठाऊक असेल, तो खर्च त्याने थांबवला नसेल आणि त्याचा फायदा घेतला असेल, तर तो त्याच्याच खात्यावर मांडावा लागेल, असे न्यायालयाने सांगितले. त्यामागचा विचार आजही वाचावा असा आहे. पैशाच्या जोरावर एका उमेदवाराचा आवाज दुसऱ्याच्या दहापट मोठा होत असेल, तर सामान्य माणसाने निवडणुकीला उभे राहण्याला अर्थ उरत नाही. आणि मोठ्या धनिकांच्या पैशावर निवडणुका लढवणारा पक्ष सत्तेवर आल्यावर त्या धनिकांचे ऐकतो. चावलांची निवडणूक रद्द झाली.

पुढचे सोळा दिवस मला या साऱ्या कहाणीत सर्वांत बोलके वाटतात. १९ ऑक्टोबरला राष्ट्रपतींचा वटहुकूम निघाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला एक ‘स्पष्टीकरण’ जोडले गेले: पक्षाने किंवा मित्रमंडळींनी उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचा धरू नये. तेही मागच्या तारखेपासून. निकाल लागून गेलेल्या प्रकरणाला हात लावलेला नव्हता, म्हणून चावलांची खासदारकी गेली ती गेलीच. बाकी सर्वांचे रक्षण झाले. वर्षअखेर संसदेने त्याचा कायदाही केला. खर्चमर्यादा पुस्तकात राहिली, पण तिच्या भिंतीला हत्ती जाईल एवढे दार पडले.

त्या सुमारास अलाहाबाद उच्च न्यायालयात आणखी एक याचिका चालू होती. रायबरेलीत पराभूत झालेल्या राजनारायण यांची, खुद्द पंतप्रधानांविरुद्धची. तिच्यातल्या आरोपांत पस्तीस हजारांची मर्यादा ओलांडल्याचाही आरोप होता. वटहुकमाचा रोख कुठे होता याबद्दल तेव्हा दिल्लीत उघडपणे बोलले जात होते.

इथे क्षणभर जगाकडे पाहू. आपल्यासारखीच ब्रिटिश घडणीची संसदीय पद्धत आणि सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला विजयी ठरवणारी आपल्यासारखीच निवडणूक असलेल्या कॅनडाने याच १९७४ साली निवडणूक-खर्चाचा नवा कायदा केला. त्यात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा होती आणि पक्षाच्या खर्चालाही. देणगीदारांची नावे जाहीर करायची होती. रेडिओ-दूरचित्रवाणीवर पक्षांना वेळ कसा वाटायचा याचेही नियम त्याच कायद्याने घातले. ओटावाने पक्षाच्या थैलीला गाठ मारली, त्याच वर्षी दिल्लीने ती सोडून दिली. एका वर्षी घेतलेले असे उलट निर्णय पुढची पन्नास वर्षे पुरतात.

त्याच दिल्लीत निवडणुकांचे नियम सुधारू पाहणाऱ्या सासवडच्या एका माणसाकडे आता वळतो. विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म १९०९ चा, सासवडचा. मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आलेले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराने झपाटून वकिली सोडून राजकारणात उतरलेले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात बारा वर्षे न्यायमूर्ती. १९६९ मध्ये ते पद सोडून तारकुंडे दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. दिल्लीने आपल्या अनेक माणसांना मंत्रिपदे दिली, त्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. तारकुंड्यांना दिल्लीने काहीच दिले नाही. त्यांनी मात्र दिल्लीला पुष्कळ दिले.

एप्रिल १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी दिल्लीत ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही पक्षविरहित संघटना काढली. निवडणूक-सुधारणांवर अभ्यास करण्यासाठी त्याच वर्षी तिच्या वतीने एक समिती नेमली गेली आणि तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले. सभासदांची नावे पाहिली की समितीचा आवाका कळतो. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. कायद्याचे अभ्यासक ए. जी. नूरानी. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे चिरंजीव, अहमदाबादचे अपक्ष खासदार पुरुषोत्तम मावळंकर. आणि एरिक द कॉस्टा, ज्यांनी दिल्लीत लोकमत-चाचणीची संस्था काढून मतदार काय विचार करतो हे मोजण्याची विद्या या देशात रुजवली. सरकारी मोहोर नाही, भत्ता नाही, चौकशीचे अधिकार नाहीत. आपल्या लोकशाहीची तब्येत तपासण्याचे काम या मंडळींनी नागरिक म्हणून अंगावर घेतले.

फेब्रुवारी १९७५ मध्ये अहवाल तयार झाला. निवडणूक आयोगात तेव्हा एकच आयुक्त असे, अहवालाने तीन मागितले. त्यांची निवड एकट्या सरकारने करू नये, पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने करावी असे सुचवले. मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणावे. पक्षांनी हिशेब ठेवावेत आणि ते तपासले जावेत. निवडणूक जाहीर झाल्यावर सरकारने काळजीवाहू म्हणूनच वागावे. मतदारसंघांत मतदारांच्या मंडळ्या असाव्यात. आणि आकाशवाणी व दूरचित्रवाणी मंत्र्याच्या हातून काढून स्वायत्त महामंडळाकडे द्यावी. सदर खटल्यातला पैसा आणि मंत्र्याच्या हातातला ध्वनिक्षेपक ही दोन वेगळी दुखणी नाहीत, एकाच दुखण्याची दोन टोके आहेत, हे या अहवालाने ओळखले होते. मतदाराच्या मनापर्यंत कोण पोचणार हे एक तर पैसा ठरवतो, नाहीतर सरकार.

६ मार्चला जयप्रकाशजींनी दिल्लीत संसदेवर विराट मोर्चा नेला. मागण्यांत निवडणूक-सुधारणा होत्याच. १२ जूनला अलाहाबादला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. खर्चाच्या मुद्द्यावर नव्हे, सरकारी अधिकाऱ्याचा आणि सरकारी यंत्रणेचा प्रचारासाठी वापर केल्याच्या मुद्द्यांवर. २५ जूनच्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची सभा झाली. त्या रात्री आणीबाणीचा हुकूम निघाला आणि पहाट होण्याआधी गांधी शांती प्रतिष्ठानमधून त्यांना अटक झाली.

त्याच रात्री बहादूरशाह जफर मार्गावरची वीज गेली. दिल्लीतल्या बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांचे छापखाने तेव्हा या एका रस्त्यावर होते. यंत्रे थांबली. कॅनॉट प्लेस परिसरातल्या ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांना वीज नवी दिल्ली नगरपालिकेकडून मिळे, म्हणून ते अंक निघू शकले. बातमी मारायला तलवार-बंदूक लागत नाही, वीजघरातली एक कळ पुरते, हे दिल्लीकर पत्रकारांनी त्या रात्री अनुभवले.

पुढचे एकोणीस महिने ही कळ निरनिराळ्या रूपांत दाबलेली राहिली. माहिती व प्रसारण खात्यातून इंदरकुमार गुजराल गेले आणि विद्याचरण शुक्ल आले. संसदेतली भाषणे छापण्याला संरक्षण देणारा फिरोज गांधींचा १९५६ चा कायदा रद्द झाला. प्रेस कौन्सिल मोडीत निघाले. फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी करण्यात आली, म्हणजे देशभराच्या संपादकांच्या टेबलावर येणारी बातमी एकाच नळातून येऊ लागली. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. लोकसभेची मुदतही संसदेने वाढवून घेतली. पाच वर्षे संपल्यावर आपल्याला त्या जागेवर बसण्याचा अधिकार नाही, म्हणून तुरुंगातून राजीनामा देणारे दोन खासदार निघाले: आपले मधू लिमये आणि शरद यादव. मावळंकर सभागृहात उभे राहून बोलत राहिले, ते बोलणे वर्तमानपत्रांत येऊ शकत नव्हते. आणि तारकुंडे? आणीबाणी ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९७६ मध्ये, दिल्लीत नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. आजची ‘पीयूसीएल’ ती हीच.

पण छापील बातमी बंद झाली म्हणून बातमी थांबते का? एप्रिल १९७६ मध्ये तुर्कमान गेटची वस्ती बुलडोझरने पाडली गेली, गोळीबार झाला. ऑक्टोबरमध्ये मुझफ्फरनगरला नसबंदीविरोधी जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये हरियाणातल्या मेवातच्या उटावड गावाला पोलिसांनी पहाटे वेढा घातला आणि पुरुषांना नसबंदीसाठी उचलून नेले. ही सारी ठिकाणे आज आपण ज्याला राजधानी क्षेत्र म्हणतो त्याच्या पोटातली. अक्षरही खरे छापून येत नव्हते. पण उटावडचा माणूस पलवलच्या बाजारात येत होता, मुझफ्फरनगरचा गूळ-व्यापारी दिल्लीत येत होता, तुर्कमान गेटचे विस्थापित यमुनेपलीकडच्या नव्या वसाहतींत बसलेले होते. रात्री बीबीसीची हिंदी सेवा दार लावून ऐकली जात होती. बातमी बसमधून, सायकलवरून आणि लग्नकार्यातून प्रवास करत होती. गोष्टी तोंडी गेल्या की वाढतातही, आणि तशा त्या वाढल्याही. सेन्सॉरने खऱ्या बातमीची जागा रिकामी ठेवली की तिथे अफवा येऊन बसते, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले नाही.

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून निवडणूक जाहीर केली. नेते सुटले. सेन्सॉरशिप सैल झाली. आणीबाणी उठली नव्हती, ती निवडणूकभर कायम होती. २३ जानेवारीला दिल्लीत चार पक्षांनी मिळून जनता पक्ष जाहीर केला. हाताशी पैसा नाही, कार्यकर्ते नुकते तुरुंगातून सुटलेले. नव्या पक्षाला स्वतःचे चिन्हसुद्धा नव्हते, बहुतेक ठिकाणी ते भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले. दिल्लीतल्या सभांत लोक झोळीत नोटा आणि नाणी टाकत. २ फेब्रुवारीला जगजीवनराम मंत्रिमंडळ आणि काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि वारे फिरले हे सर्वांना कळले.

६ फेब्रुवारी, रविवार. रामलीला मैदानावर जयप्रकाशजी आणि जगजीवनराम यांची सभा. दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट लागे. संच मोजक्या घरांत, त्यामुळे शेजारीपाजारी सतरंजी टाकून बसत. चित्रपट सहसा जुने असत. त्या रविवारी लागला राज कपूरचा ‘बॉबी’, १९७३ चा, त्या काळी खूप गाजलेला. ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया घरबसल्या फुकट पाहायला मिळणार, म्हणजे मैदान रिकामे राहील असा हिशेब. मैदान भरून लोक बाहेरच्या रस्त्यांवर उभे राहिले. गर्दी लाखांत होती. ‘बाबू बीट्स बॉबी’ हा दुसऱ्या दिवशीचा मथळा, जगजीवनरामांना लोक बाबूजी म्हणत म्हणून, आजही दिल्लीतल्या पत्रकारांच्या तोंडी आहे.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो, आणि मला ते खटकते. विरोधी पक्षाची सभा आहे म्हणून त्या संध्याकाळी देशाच्या एकमेव दूरचित्रवाणीवर काय दाखवायचे हे सत्ताधारी ठरवू शकत होते, यात हसण्यासारखे काय आहे? लोक घरी बसले असते तर तीच युक्ती पुढच्या प्रत्येक रविवारी वापरली गेली असती. दिल्लीकरांनी पायपीट केली म्हणून आपण हसू शकतो.

१६ ते २० मार्च मतदान झाले. २० तारखेच्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावर, जिथली वीज जवळजवळ एकवीस महिन्यांमागे गेली होती, तिथे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर निकालाच्या फलकांखाली लोक दाटीवाटीने उभे होते. आकाशवाणीच्या बातमीवर कुणी विसंबून नव्हते. रायबरेलीत पंतप्रधान पंचावन्न हजारांहून अधिक मतांनी हरल्या होत्या, राजनारायण यांच्याकडूनच. दिल्लीच्या सातही जागा जनता पक्षाकडे आल्या. नवी दिल्लीतून अटलबिहारी वाजपेयी, चांदनी चौकातून सिकंदर बख्त, बाह्य दिल्लीतून दिल्लीचे पहिले मुख्यमंत्री चौधरी ब्रह्मप्रकाश. आणि सदरमधून कंवरलाल गुप्ता. उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब, हरियाणा, दिल्ली इथे काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. २१ मार्चला आणीबाणी उठली.

इथे थांबून ‘मतदाराला कुणी फसवू शकत नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे, कारण त्याच रात्रीचे दक्षिणेचे आकडे वेगळे बोलत होते. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसला मिळाल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्र मधोमध: ४८ पैकी काँग्रेस २०, जनता १९, आणि शेकाप, मार्क्सवादी, रिपब्लिकन मिळून नऊ. दक्षिणेत नसबंदीचा जुलूम तितका झाला नव्हता हे खरे, प्रादेशिक कारणेही होती. तरीही माझे मत असे आहे: जिथे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते किंवा पाहणाऱ्याला भेटले होते तिथे आकाशवाणी हरली. जिथे आकाशवाणी आणि ‘समाचार’ यांखेरीज सांगणारे कुणी नव्हते तिथे ती टिकली. सरकारी प्रसारणाला दिल्लीत पराभूत केले ते अनुभवाने, आणि अनुभव प्रत्येक मतदाराच्या दारात येत नाही. म्हणूनच तारकुंड्यांना नियम हवे होते. लोकांच्या शहाणपणावर त्यांचा विश्वास होता, पण त्या शहाणपणाला खरी माहिती मिळायला हवी.

नवे सरकार आले आणि काही गोष्टी झपाट्याने झाल्या. आक्षेपार्ह मजकूर छापण्यास बंदी करणारा आणीबाणीतला कायदा रद्द झाला, ‘समाचार’ पुढच्या वर्षी पुन्हा विभागली गेली, प्रसारमाध्यमांच्या दुरुपयोगावर ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकांपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर वेळ मिळू लागला. प्रसारणाच्या स्वायत्ततेसाठी बी. जी. व्हर्गीज यांची समिती नेमली गेली. पण आकाशवाणी हातात आल्यावर ती सोडणे जनता पक्षालाही जमले नाही. पैशाच्या दाराला तर कुणी हातच लावला नाही. विरोधात असताना ज्या ‘स्पष्टीकरणा’विरुद्ध जनसंघ बोलत होता, ते सत्तेत असताना जसेच्या तसे राहिले. ही गोष्ट मी जड मनाने लिहितो, कारण १९७७ चे ते मत मिळवण्यासाठी लोकांनी मोठी किंमत मोजली होती.

अहवालातल्या शिफारशी मग एकेक करून, दुसऱ्याच कारणांनी, दुसऱ्याच हातून आल्या. मतदानाचे वय १९८९ मध्ये अठरावर आले. आयोग कायमचा तीन सदस्यांचा झाला तो १९९३ मध्ये. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, तो अंमलात आला १९९७ मध्ये, म्हणजे अहवालानंतर बावीस वर्षांनी. तोवर खासगी वाहिन्या घराघरांत शिरल्या होत्या आणि प्रसारण कुणाच्या मालकीचे या प्रश्नाचे रूपच बदलले होते. सदरच्या निकालाला बगल देणारे ते ‘स्पष्टीकरण’ २००३ मध्ये बदलले. आता पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्या खात्यावर धरतात, पण प्रमुख प्रचारकांचा प्रवास वगळतात. निवडणूक आयुक्तांच्या निवडीसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती हवी असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. तारकुंड्यांची शिफारस अठ्ठेचाळीस वर्षांनी दिल्लीतल्याच न्यायालयात मान्य झाली. संसदेला स्वतंत्र कायदा करण्याची मुभा होती. त्याच डिसेंबरात कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला.

तारकुंडे हे पाहायला नव्हते. ते दिल्लीतच, २२ मार्च २००४ रोजी गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्यांचे नाव सासवडच्या शाळकरी मुलांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

आज दिल्लीत लोकसभेला उभ्या राहणाऱ्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. त्याच्या पक्षाने एकूण प्रचारावर किती खर्च करावा याला, सदरच्या खटल्यानंतर पन्नास वर्षे उलटली तरी, कसलीही मर्यादा नाही.